बॉनेटवरचे स्वस्तिक

नागापूरच्या आमच्या गॅरेजचे तोंड पूर्वेला आहे. वैशाखात दिवस लवकर उजाडतो, पण रस्त्यापलीकडच्या कारखान्याची भिंत उंच असल्यामुळे ऊन आमच्यापर्यंत उशिरा पोचते. आधी भिंतीमागच्या कडुनिंबाचा शेंडा उजळतो. तो उजेड तिथेच बराच वेळ थांबून राहतो. पानांतून खाली उतरावे की नाही, याचा विचार करीत असल्यासारखा. मग आमच्या पत्र्याच्या कडेवर एक फिकट रेघ उमटते, पाटीवरच्या अक्षरांचा पिवळा रंग जागा होतो, आणि सरकणे डोळ्यांना कळू नये अशा गतीने ते ऊन दारातून खाली येऊ लागते. दारात टांगलेल्या जुन्या टायरच्या काठावर ते टेकते, तेव्हा त्याला कोरड्या मातीचा वास असतो असे मला नेहमी वाटते. जमिनीवरचे तेलाचे डाग तोवर काळेच असतात. नंतर एकेका डागात जांभळा, हिरवा रंग तरंगू लागतो. फळीवरचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत एकामागून एक चमकतात. या प्रकाशात विशेष असे काही नाही. तो रोज येतो, आणि रोज मी झाडू हातात घेऊन त्याच्याकडे पाहत उभा राहतो, कारण माणसांकडे पाहण्यापेक्षा ते मला सोपे जाते.

त्या सकाळी मात्र मी उन्हाकडे पाहत होतो ते दुसरीकडे पाहावे लागू नये म्हणून. दारातच, रस्त्याकडे तोंड करून, पुष्पावतीताईंची पिकअप उभी होती. आदल्या संध्याकाळी आम्ही ती दोराने ओढून आणली होती आणि ढकलून उलटी आत घेतली होती. हौद्यात दुधाचे पाच कॅन होते. ते रिकामे होते, पण धुतलेले नव्हते, आणि नासलेल्या दुधाचा आंबूस वास सगळ्या गॅरेजभर पसरला होता. उन्हाची कड पिकअपच्या टपावर आली होती. तिथून ती काचेवर उतरणार होती, आणि मग बॉनेटवर.

पुष्पावतीताई मूळच्या जामखेडकडच्या. लग्नानंतरची चौदा वर्षे दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, असे त्यांचे आयुष्य होते. त्यांच्याकडे त्याला ‘कोयता घेणे’ म्हणतात. मोळी उचलताना नवऱ्याची, बिभीषणची, पाठ गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही जुनी पिकअप घेतली, स्वतः चालवायला शिकल्या, आणि हिवरे बाजारच्या वाटेवरच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवण्याचे काम मिळवले. पहिल्यांदा गॅरेजमध्ये आल्या तेव्हा हसत म्हणाल्या होत्या, “कोयता आता माळ्यावर टाकलाय दादा. खाली काढायचा न्हाई, अशी आन घेतलीय.”

केंद्रावर सुनीलराव नावाचे गृहस्थ संकलनाचे काम पाहत. या महिन्यात ताईंची गाडी तीनदा वाटेत बंद पडली होती. आदल्या दिवशी तर भर उन्हात, दीड तास. दूध केंद्रावर पोचले तेव्हा फाटलेले होते. सुनीलरावांनी सांगितले होते, की उद्या दहापर्यंत नक्की काय झाले ते कळवा; गाडीवाल्याचीच हयगय असेल तर ती वाट दुसऱ्याला देऊ. त्यांना उत्तर देण्याचे काम गॅरेजचे होते, म्हणजे खरे पाहता माझे.

कारण त्या पिकअपवर इग्निशन बॉक्स बसवला होता तो मी.

माझे नाव नृसिंह. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य चालत आले आहे. वडील, ज्यांना मी अण्णा म्हणतो, नगरमध्ये अजूनही पूजा सांगतात. मी डिप्लोमा केला आणि गहिनीनाथ मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आलो. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. कार्बोरेटरच्या काळातले त्यांचे कान आजही शाबूत आहेत. बंद डोळ्यांनी ते कोणता प्लग मिस करतो ते सांगतात. पण नव्या गाड्यांच्या संगणकाशी त्यांचे जुळत नाही. तो भाग माझा. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतो आणि पडद्यावर उमटलेला कोड वाचतो. मला ते काम आवडते. यंत्र आपले दुखणे मोजक्या अक्षरांत सांगते, आवाज चढवत नाही, आणि उत्तर देण्याची घाई करीत नाही. पहिल्याच दिवशी वस्ताद म्हणाले होते, “नाव नरसिंह आन् आवाज मांजराच्या पिल्लाचा! खांब फोडून निघनार कसा रे तू?” तेव्हापासून मी गॅरेजमध्ये नरसू आहे, आणि कोणी गिऱ्हाईक समोर असले, की ‘आमचा इंजिनेर’.

पुष्पावतीताईंची तक्रार साधी होती. गॅसवर चालवताना गाडी चढाला दम खात होती. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा किंचित जास्त वेळ घेतो, म्हणून ठिणगी किंचित आधी पडावी लागते. त्यासाठी बाजारात एक लहान काळा डबा मिळतो. इंजिनाचे फेरे मोजणारा एक सेन्सर असतो. त्याची वायर कापून हा डबा मध्ये बसवायचा, म्हणजे सेन्सरचा निरोप डब्यातून जाताना थोडा लवकर पुढे सरकतो. हा डबा बसवू या, असे मीच सुचवले. वस्ताद म्हणाले होते, “मला त्यातलं कळत न्हाई. तुझी जबाबदारी.” ‘जबाबदारी’ हा शब्द ऐकून मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारी मी तो बसवला. सोमवारी सणाच्या मुहूर्तावर पुष्पावतीताईंना गाडीची पूजा करून नव्या वस्त्यांची फेरी सुरू करायची होती, म्हणून घाई होती. शनिवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असते. चार वाजेपर्यंत डबा बसला, गाडी सुरू झाली, मी तिला एक चक्कर मारून आणली. चढावर ती एखाद्या तरण्या घोड्यासारखी गेली. ताईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सोमवारी पूजेला अण्णाच आले. गॅरेजच्या दारातच त्यांनी पूजा सांगितली. चाकाखाली लिंबू, स्टिअरिंगला फुले. मी बॉनेट उघडून डबा त्यांना दाखवत होतो. मला वाटत होते, त्यांनी पाहावे. त्यांनी मान हलवून कौतुक केले आणि मग हातातली कुंकवाची वाटी दाखवत म्हणाले, “आता बॉनेट लाव रे. स्वस्तिक कशावर काढू?” मी बॉनेट लावले. त्यांनी अनामिकेने स्वस्तिक काढले. मग दगडावर नारळ फोडून त्याचे पाणी ताईंच्या ओंजळीत दिले, आणि ताईंनी ते गाडीवर शिंपडले. ओंजळ भरलेली होती. स्वस्तिकाच्या दोन टोकांवरून कुंकवाचे दोन ओघळ निघाले आणि पुढच्या जाळीपर्यंत येऊन वाळले.

बुधवारी सकाळी दिवा लागला.

गाडी वस्तीवरच्या खडकाळ रस्त्याला अचानक बंद पडली, दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली, आणि ताई थेट आमच्याकडे आल्या. मी स्कॅनर लावला. पी शून्य तीन तीन पाच. फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा निरोप संगणकापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. शेजारच्या चहाच्या टपरीवरची चारपाच माणसे गोळा झाली होती. वस्ताद माझ्या तोंडाकडे पाहत होते. पडदा माझ्या हातात होता, आणि त्या पाच चिन्हांनी मला जे सांगितले होते ते मला तत्क्षणी समजले होते. तरीही मी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. तेवढ्यात पुष्पावतीताईंनी विचारले, “माझ्याकडून काई झालं का दादा? त्या दिशी मी पानी लई टाकलं हुतं. नारळाचं.”

त्या प्रश्नात एक दार होते. मी ते ढकलले नाही. ते उघडेच होते, मी फक्त आत गेलो. “कनेक्टरमध्ये ओल गेली असेल,” मी म्हणालो. “नारळाचं पाणी चिकट असतं.”

“घ्या!” टपरीवरचा एक जण म्हणाला. “देवाला पाजायचं सोडून इंजिनाला पाजलं!”

सगळे हसले. ताईही हसल्या, पण पदर तोंडाला लावून. मी कोड पुसला, कनेक्टरवर हवा मारली, आणि दिवा विझला. यंत्राच्या स्मरणातून एखादी गोष्ट पुसायला तीन सेकंद लागतात.

दहा दिवसांनी दिवा पुन्हा लागला. तोच कोड. मी सांगितले, ओलीने सेन्सर खराब झाला आहे, आणि नवा बसवला. ताईंनी जुना सेन्सर मागून घेतला. मी तो का हवा असे विचारले नाही. त्यांनी गाडीला उदबत्ती लावणे बंद केल्याचे मात्र वस्तादांकडून कळले. घरी बिभीषण त्यांना रोज टोमणे मारी, की आपल्या हाताने गाडी बुडवलीस. वस्तीवरच्या बायका त्यांना ‘नारळवाली’ म्हणू लागल्या होत्या. त्या महिन्यात मी जेवताना आईच्या प्रश्नांना उत्तरे देत नसे. आई म्हणे, “उन्हाने आलं असेल डोक्यात,” आणि ताटाशेजारी पन्ह्याचा पेला ठेवी.

आणि काल तिसऱ्यांदा.

साडेआठला वस्ताद आले. त्यांनी नाक मुरडून कॅनकडे पाहिले आणि बाही वर केली. “नरसू, आज सोडायची न्हाई तिला. मुळापासून बघ. दहाला सुनीलरावांचा फोन येनार हाय.”

मी मुळापासून पाहू लागलो. स्कॅनर लावला. पी शून्य तीन तीन पाच, आणि त्याच्या सोबतीला या वेळी ठिणगी चुकल्याचा आणखी एक कोड. मी बॅटरीचे खांब घासले. इंजिनाची अर्थिंगची पट्टी उघडून पुन्हा आवळली. चारही प्लग काढले, पाहिले, बसवले. पेट्रोलवर घेऊन पाहिले, गॅसवर घेऊन पाहिले. फ्यूज एकेक उपसून उजेडात धरले. प्रत्येक काम मी अतिशय नीट केले. इतके नीट, की पाहणाऱ्याला माझ्या मनःपूर्वकतेचा संशय येऊ नये. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना काहीच चुकत नव्हते. इंजिन संथ, एकसारखे चालत होते. तक्रार होती ती फक्त खडकाळ रस्त्याला, गचके बसल्यावर.

वस्ताद पाटावर बसून बिडी पेटवत होते. ते शांतपणे म्हणाले, “सगळी गाडी चाचपलीस. त्यो काळा डबा तेवढा सोवळ्यात ठिवलाय व्हय?”

“बघतो त्याच्याकडेही,” मी म्हणालो, आणि पाना पुसत राहिलो.

तेवढ्यात पुष्पावतीताई आल्या. त्या सकाळची फेरी दुसऱ्याच्या टेम्पोने गेली होती आणि त्या रिकाम्या हातांनी आल्या होत्या. रिकामे असताना त्यांना हात कुठे ठेवावेत ते सुचत नसे. त्यांनी कमरेची पिशवी उघडून एक रुमाल काढला. रुमालात जुना सेन्सर होता.

“आठ दिस वाळवलाय दादा,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळच्या उनात ठिवायची पत्र्यावर, आन् कावळ्यानं न्हेऊ ने म्हनून राखत बसायची. आता पार कोरडा झालाय. ह्योच परत बसवता येतो का बघा.”

मी तो हातात घेतला. तो पुसून इतका स्वच्छ केलेला होता, की नवा वाटत होता. सगळे पाहत होते, म्हणून मला मीटर लावावाच लागला. मीटरवर आकडा आला: पाचशे साठ ओहम. मी नव्या सेन्सरला मीटर लावला. पाचशे पासष्ट. जुन्या सेन्सरमध्ये काहीही दोष नव्हता, आणि कधीच नव्हता. त्यांनी आठ सकाळी जी ओल वाळवली, ती त्यात कधी शिरलीच नव्हती.

“काय म्हनतो?” वस्तादांनी विचारले.

“चांगला आहे,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“वाळला म्हनायचा!” ताईंचा चेहरा खुलला. “म्हंजे ऊन लागू पडलं.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला पाहवला नाही. मी इंजिनाकडे पाठ करून बॉनेट लावले, आणि त्या वेळी अण्णांची स्कूटर दारात थांबली.

ताईंनीच त्यांना बोलावले होते. त्या पुढे होऊन म्हणाल्या, “गुर्जी, माझ्या हातनं पूजंत चूक झाली. त्याला काई शांत आसंल तर सांगा. दहाला केंद्रावरनं फोन येनार हाय. मी कालच त्येन्ला सांगितलं, चूक माझीच हाय म्हनून. पर ते काम गेलं तर दिवाळीला परत कोयता घ्यावा लागंल. हेंची पाठ तर तशी. मला एकटीला कोन मुकादम घेनार?”

“कसली चूक?” अण्णांनी विचारले. ही सगळी हकिगत त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी घरी बोललो नव्हतो.

“नारळाचं पानी इंजिनात गेलं न्हवं. आपले दादाच म्हनले.”

अण्णा माझ्याकडे पाहू लागले. मग त्यांनी पिकअपकडे पाहिले. ऊन आता काचेवरून उतरून बॉनेटवर आले होते. ताई गाडी धूत असत, पण तेवढी जागा वगळून. त्यामुळे कुंकवाचे स्वस्तिक अजून तिथे होते, विटकरी झालेले, आणि त्याच्या दोन टोकांपासून निघालेले दोन ओघळ पत्र्याच्या वरून, पुढच्या जाळीपर्यंत स्पष्ट दिसत होते. झाकलेल्या बॉनेटवरच स्वस्तिक काढता येते. पाणी कुठून कुठे गेले, ते तिथे लाल रेघांनी लिहून ठेवलेले होते. तीन आठवडे ते सगळ्यांसमोर होते. मी सोडून ते कोणी वाचत नव्हते, आणि आता अण्णा वाचत होते.

“स्वस्तिक कशावर काढू?” हे त्यांचे शब्द मला आठवले. त्यांनाही आठवले असणार.

उपरण्याने कपाळ पुसून अण्णा म्हणाले, “ताई, चूक तुमची नाही. पाणी तुमच्या ओंजळीत मी ओतलं. माझ्याच हातून जास्त पडलं असेल. वय झालं आता, हात थरथरतो. तुमच्या साहेबांना सांगा, गुरुजींची चूक झाली म्हणून.”

“आसं कसं गुर्जी!”

“सांगा. माझं नाव सांगा.”

अण्णांचा हात थरथरत नाही. बेचाळीस वर्षे ते तांब्यातून पळीभर पाणी मोजून सोडत आले आहेत. थेंब इकडचा तिकडे होत नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी रागाने पाहिले असते तर मला बरे वाटले असते. ते स्कूटरच्या सीटवरची धूळ बोटाने पुसत राहिले, एखाद्या परक्या घरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखे.

वस्तादांनी बिडी विझवली. “गुर्जी, तुमी उगा आंगावर घेऊ नका,” ते म्हणाले. “इंजिनाला देव-धरम कळत न्हाई. त्याला फकस्त हात कळतो.”

मी बॉनेट पुन्हा उघडले, इंजिन चालू केले आणि आत वाकलो. पाटावर मोठा स्क्रू ड्रायव्हर पडला होता. मी तो उचलला आणि त्याची लाकडी मूठ पुढे केली. वायरींच्या जुड्या एकेक हलवून पाहण्याची ही जुनी पद्धत आहे. वस्तादांनीच मला ती शिकवली होती, आणि त्या महिन्यात मी ती सगळीकडे वापरली होती, एक जागा सोडून. बॅटरीच्या मागे, काळ्या डब्यापासून चार बोटांवर, काळ्या टेपाची एक गाठ होती. ती किती लांब आहे आणि टेपाचे किती वेढे आहेत, हे मला न पाहता सांगता आले असते.

मी मूठ त्या गाठीला टेकवली. इंजिन गचकन बंद पडले.

रस्त्यावरून जाणाऱ्या कंटेनरचा आवाज आत आला आणि गेला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता.

“घावलं!” ताई पुढे आल्या. “घावलं का दादा?”

मी टेप सोडवू लागलो. उन्हाळ्याने तो चिकट झाला होता आणि बोटांना ओढत होता. आतल्या दोन तारा एकमेकींभोवती नुसत्या पिळलेल्या होत्या. त्यांच्यावर काळपट रंग चढला होता. एक तार दुसरीतून जवळजवळ निसटली होती. वस्ताद माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांनी फळीवरचे, कथील वितळवून तारा जोडायचे सोल्डरिंग आयर्न उचलून विजेच्या सॉकेटला लावले. त्या दिवशी वीज होती. थोड्या वेळाने तापलेल्या राळेचा वास येऊ लागला. नासलेल्या दुधाच्या वासात तो मिसळला.

मी त्यांना काही समजावू शकलो असतो. शनिवारी वीज नव्हती. सोमवारी सण होता. सोमवारी सकाळी लवकर येऊन तो जोड सोल्डर करायचा, असे मी ठरवले होते. आणि सोमवारी गाडी इतकी छान चालत होती, अण्णा कौतुकाने मान हलवत होते, की सगळ्यांसमोर टेप सोडून आपलेच काम अपुरे आहे असे दाखवणे मला जमले नाही. बुधवारी ते आणखी अवघड झाले. प्रत्येक दिवसाने त्यावर टेपाचा एक वेढा दिला.

ताईंचा फोन वाजला. त्यांनी घाबरून तो स्पीकरवर टाकला आणि दोन्ही हातांनी समोर धरला.

“हां बोला, पुष्पाबाई. सापडलं का?” सुनीलरावांचा आवाज आला. “तुम्ही म्हणता नारळाचं पाणी. अहो, गाडी अशी वापरायची असती का? मला वरती काहीतरी लिहून द्यावं लागतं.”

“साहेब, ते गुर्जी म्हनत्यात...” ताई अडखळल्या. त्यांनी अण्णांकडे पाहिले.

“माझ्यामुळे झालं,” अण्णा पुढे होऊन म्हणाले.

“तुम्ही कोण? हे बघा, मला देवाधर्मातलं नको. गॅरेजवाल्याला द्या. गॅरेजची चूक असंल तर मी दम धरतो, वाट बाईंकडंच ठिवतो. गाडीवालीची असंल तर माझा नाइलाज हाय. कुणाची चूक हाय, येवढं एका वाक्यात सांगा.”

वस्तादांनी ताईंचे मनगट हळूच धरले आणि फोन माझ्यासमोर आणला. “इंजिनेर,” ते म्हणाले. या वेळी ती थट्टा नव्हती.

अजूनही एक वाट होती. ‘वायर ढिली झाली होती,’ असे म्हणता आले असते. खडकाळ रस्ता, गचके. वायरी आपोआप ढिल्या होतातच. ते खोटे ठरले नसते, सुनीलरावांना पुरले असते, आणि त्यात कोणाचे नाव आले नसते. मी तोंड उघडलेही होते. तेव्हा मला ताईंचे हात दिसले. कोयत्याने घट्टे पडलेली ती बोटे फोनच्या कडेला घट्ट धरून होती, आणि त्यांच्याच खाली, इंजिनाच्या कडेवर, रुमालात ठेवलेला तो जुना सेन्सर होता, आठ सकाळच्या उन्हात वाळवलेला. अण्णा जमिनीकडे पाहत होते.

“कोन बोलतंय? हॅलो?”

“मी नृसिंह,” मी म्हणालो. आवाज नेहमीसारखाच लहान होता, पण गॅरेजमध्ये दुसरा आवाज नव्हता. “डबा मी बसवला. पाणी आत गेलंच नव्हतं. बॉनेट बंद होतं. तारांचा जोड मी सोल्डर केला नव्हता, नुसता पिळून वर टेप लावला होता. आणि दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हाच ते मला माहीत होतं.”